एक बाई, दोन जन्मतारखा

मी संशयी स्वभावाचा आहे असं काही लोक म्हणतात. ते असं का म्हणतात आणि त्यांच्या कानात हे कोणी भरवलं, याचा शोध माझ्या परीने चालू आहे. खरं तर मी संशयी नाही, मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. बावीस वर्षं मी दुकानदारांचे तराजू तपासतो. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून कोरून हलकी केलेली वजनं, हे सगळं मी रोज सकाळी दहापासून बघतो. अशा माणसाने संध्याकाळी घरी येऊन एकदम भाबडं व्हावं अशी अपेक्षा कोणी करू नये.

त्यामुळे त्या दिवशी बायकोने चहाचा कप ठेवण्याआधी बशी पुसली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे बशी पुसली जात नाही.

"अहो, जरा बोलायचं होतं," ती म्हणाली.

बायको माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पुढे शिकून गणितात संशोधन करायचं, हे तिच्या मनात फार दिवसांपासून आहे. त्यासाठी विद्यापीठं एक प्रवेश परीक्षा मागतात. पाच वर्षांपूर्वी तिने ती दिली होती. तेव्हा भाषेत उत्तम आणि गणितात बरे असे मार्क पडले होते, ही गणिताच्या बाईंसाठी जरा अडचणीची गोष्ट होती. मग माझी बदली आली, लेकीची शाळा आली, माझ्या आईचं आजारपण आलं, आणि ते मार्क कुठेच न पाठवता कपाटात राहिले.

"मी परीक्षा पुन्हा दिली," बायको म्हणाली. "गेल्या महिन्यात. गणितात जवळजवळ पैकीच्या पैकी आहेत. भाषेत मात्र घसरले."

"गेल्या महिन्यात कधी?"

"तो शनिवार. तुम्हाला शिक्षकांचं प्रशिक्षण आहे म्हणून सांगितलं होतं ना."

"म्हणजे खोटं सांगितलंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही केंद्र तपासायला आला असतात."

यात तथ्य नाही असं नाही. मागच्या वेळी मी परीक्षागृहातलं घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून बघत होतो. ते दीड मिनिट पुढे होतं. हे मी पर्यवेक्षकांच्या लक्षात आणून दिलं, तर त्यांनी घड्याळाऐवजी मलाच बाहेर काढलं. अशा देशात मापं कशी सुधारणार.

पण मूळ गोष्ट वेगळीच होती. रात्रभर गाडीत बसावं लागेल इतक्या लांबच्या एका विद्यापीठाने तिला लिहिलं होतं की जुने आणि नवे असे दोन्ही मार्क पाठवा, प्रत्येक भागातले जास्त असतील ते आम्ही धरू. जुन्यातली भाषा आणि नव्यातलं गणित एकत्र आलं तर तिची जागा जवळजवळ पक्की होती. दोन वर्षं तिथेच राहायचं होतं. हे तिने सगळ्यात शेवटी आणि बशीकडे बघत सांगितलं. जुने मार्क पाच वर्षंच टिकतात. तिच्या मार्कांची मुदत या महिन्याच्या अखेरच्या दिवशी, दुपारी पाच वाजता संपत होती. त्यानंतर परीक्षा घेणारी संस्था ते पुसून टाकणार होती. आमच्या हातात एकोणीस दिवस होते.

"पाठवायचं काम माझ्याकडे दे," मी म्हणालो. "या लोकांवर लक्ष ठेवावं लागतं."

"म्हणूनच विचारत नव्हते," ती म्हणाली, पण कागद दिले.

पहिलाच कागद बघून माझं डोकं फिरलं. जुनी परीक्षा आठशेपैकी होती आणि नवी एकशेसत्तरपैकी. मधल्या काळात संस्थेने मापच बदललं होतं. आमच्या खात्यात चालू धंद्यात माप बदलणाऱ्याचा तराजू जप्त होतो. संस्थेने मात्र निवांतपणे एक तक्ता जोडला होता, की जुने इतके म्हणजे नवे इतके. तो तक्ता मी तीन संध्याकाळी बसून तपासला. चूक सापडली नाही. त्यामुळे माझा संशय आणखीच वाढला.

मग जुन्या खात्यात शिरायचं होतं. ते खातं पाच वर्षांपूर्वी मीच उघडलं होतं आणि पासवर्ड माझ्या वहीत लिहून ठेवला होता. अर्थात सरळ लिहिला नव्हता. वही कोणाच्या हाती लागली तर काय, म्हणून मी तो सांकेतिक भाषेत लिहिला होता, आणि ती भाषा उलगडायची कशी हे सुरक्षिततेसाठी कुठेच लिहिलं नव्हतं. त्या ओळीत एक त्रिकोण होता, दोन फुल्या होत्या आणि 'ऑफिसचं कपाट उलटं' असे शब्द होते. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन कपाट बघितलं. शिपायाने विचारलं, साहेब, काही हरवलंय का. मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण त्याला ते का जाणून घ्यायचं होतं हे मला कळलं नाही.

पासवर्ड विसरलेल्यांसाठी संगणक तीन गुप्त प्रश्न विचारतो. तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय, तुमचा आवडता पदार्थ कोणता, लहानपणी तुम्हाला घरात काय म्हणायचे. संगणकाला खरी उत्तरं देणाऱ्यांतला मी नव्हे. मी तिन्ही खोटी दिली होती. पण कोणती खोटी, ते आठवेना. दोन प्रयत्न फुकट गेले. तिसरा चुकला की खातं महिनाभर बंद, अशी धमकी खाली लाल अक्षरांत होती.

"सरका बाबा," दहावीतली लेक म्हणाली. तिने तिन्ही चौकटींत 'किलोग्रॅम' असं टाइप केलं आणि खातं उघडलं.

"तुला कसं कळलं?"

"तुम्हाला खोटं बोलायची वेळ आली की तेवढंच सुचतं."

मुलांना आपण फार ओळखतो असं आपण समजतो. ती आपल्याला किती ओळखतात हे बघून घेतलं पाहिजे. मी काही बोलणार इतक्यात ती पडद्यावर वाकली आणि म्हणाली, "आई, तू पन्नास वर्षांची आहेस."

बायको एक्केचाळीस वर्षांची आहे. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि पडद्यावरची जन्मतारीख वाचून माझ्याकडे वळली. तेव्हा मला आठवलं. चोराला सगळ्यात आधी हवी असते ती माणसाची खरी जन्मतारीख. म्हणून मी अर्जात खोटी घातली होती. परीक्षेच्या दाराशी तर त्यांनी फक्त नाव आणि चेहरा ताडून बघितला होता.

"पण नऊ वर्षांनी म्हातारी?" बायको म्हणाली.

"बायकोचं वय कोणी वाढवून सांगेल अशी शंका कुठल्या चोराला येणार आहे?"

नवीन खातं तिने स्वतः, मला न सांगता, खरी तारीख देऊन उघडलं होतं. म्हणजे संस्थेच्या दप्तरी आता एकाच नावाच्या दोन बायका होत्या. पन्नाशीची होती ती भाषेत हुशार होती, आणि एक्केचाळिशीची गणितात. विद्यापीठाला दोन्ही मार्क एकीचेच हवे होते.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. आमच्या घरातला आवाज थोडा चढला की ते जिना उतरतात. त्यांचं म्हणणं असं पडलं की कुठलीही महत्त्वाची वस्तू थेट लांब पाठवू नये. "आधी जवळ कुठेतरी पाठवून बघा. रस्ता चालू आहे की नाही ते कळतं. आम्ही नव्या टपालमार्गावर आधी रिकामी थैली पाठवायचो."

हे मला मनापासून पटलं. बायकोला पटलं नाही. तिचं म्हणणं, आधी दोन बायकांची एक करू. पण तो दिवस तिच्या शाळेत पालकसभेचा होता. तेवढ्यात मी आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर असलेल्या एका महाविद्यालयाला जुने मार्क पाठवून दिले, नुसता रस्ता बघायला.

रस्ता चालू होता. चौथ्या दिवशी पत्र आलं. 'ज्येष्ठ अध्ययनार्थी' योजनेत आपली निवड करताना आम्हाला आनंद होत आहे, असं त्यात होतं. या वयात शिकण्याची आपली जिद्द तरुणांना लाजवणारी आहे. आपला वर्ग तळमजल्यावर असेल, बाक दाराजवळचा असेल, आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, भाषेचा अभ्यासक्रम.

लेक हसून हसून जमिनीवर बसली. बायकोने पत्र दोनदा वाचलं आणि कठड्याची ओळ मला मोठ्याने वाचून दाखवली. मी मान खाली घातली. पण कबूल करतो, मला ते पत्र अगदीच वाईट वाटलं नाही. पंधरा मिनिटं. आठवड्यातून दोन संध्याकाळी. मी ते फाडून न टाकता खणात ठेवलं.

संस्थेच्या मदत क्रमांकावर मी दुसऱ्या दिवशी फोन लावला. पाऊण तास एक सूर ऐकल्यावर एक बाई बोलल्या.

"सर, मी फक्त उमेदवाराशी बोलू शकते."

"मी तिचा नवरा आहे."

"हे कशावरून?"

प्रश्न अगदी योग्य होता. इतक्या वर्षांत माझ्या मनासारखं इतकं कोणी भेटलं नव्हतं. मी आदराने फोन बायकोकडे दिला. त्या दोघी बराच वेळ बोलल्या, मधे एकदा हसल्या, आणि कशाला हसल्या हे बायकोने मला अजून सांगितलेलं नाही. ठरलं ते असं: चुकीची तारीख कशी पडली याचा जबाब उमेदवाराने स्वतःच्या शब्दांत लिहायचा, खाली ज्याने अर्ज भरला त्याची सही घ्यायची, नोटरीचा शिक्का मारून पाठवायचा. मग ते दोन खाती एक करतील. किती दिवसांत, ते सांगता येत नाही.

नोटरी एका अरुंद खोलीत बसतात. बाकावर चौघं आधीच बसली होती. नोटरींनी आमचं काम ऐकून चष्मा काढला. "जमिनीपायी एका माणसाचे दोन झालेले मी पुष्कळ बघितलेत," ते म्हणाले. "दोघींची एक करायला आलेलं गिऱ्हाईक पहिलंच." मग त्यांनी बायकोने लिहिलेला जबाब सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला.

"जुना अर्ज माझ्या नवऱ्याने भरला. त्यांचा कोणावरही विश्वास नाही. माझी खरी जन्मतारीख चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनी खोटी दिली. हेतू वाईट नव्हता. दोन्ही वेळा परीक्षेला मीच बसले होते."

बाकावरची चौघं माझ्याकडे बघू लागली. मी नोटरींना म्हणालो, "'कोणावरही' ऐवजी 'फारसा' करता येईल का?"

"कोणावरही बरोबर आहे," बायको म्हणाली.

नोटरींनी शिक्क्यावर शाई लावता लावता सहज विचारलं, "बाईंवरही नाही?"

मी सही केली. येताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो आणि ती खिडकीबाहेर बघत होती. मला तिला सांगायचं होतं की तुझ्यावर आहे. पण मग ती म्हणाली असती की मग इतक्या वर्षांत कधी दिसला का नाही. म्हणून मी कंडक्टरने दिलेली तिकिटं तपासत बसलो.

त्यानंतर संस्थेकडून रोज एकच मेल यायची: आपले प्रकरण विचाराधीन आहे. बघता बघता महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. बायको सकाळी शाळेला निघताना दारात थांबली. "मेल आली की तुम्हीच पाठवा. मला आज ओळीने तास आहेत."

"पाठवतो."

"पाच वाजेपर्यंत."

"माहीत आहे."

मी रजा घेतली होती. दहा पन्नासला मेल आली. दोन्ही खाती एक झाली होती. पडद्यावर तिच्या नावाखाली जुनी भाषा आणि नवं गणित पहिल्यांदाच शेजारी शेजारी दिसत होती. मार्क खरोखर सुंदर होते. खाली 'पाठवा' असं लिहिलेलं हिरवं बटण होतं.

मी ते दाबलं नाही. आधी मला शंका आली की मेल बनावट असावी. ती खरी निघाली. त्यात बारा वाजले. मग मी संस्थेच्या अटी वाचायला घेतल्या. त्या एकतीस पानांच्या होत्या. कुठेही काही लपवलेलं नव्हतं, त्यामुळे वेळ लागला. दोन वाजेपर्यंत संशय घेण्यासारखं काहीच उरलं नाही. तरी मी बटण दाबलं नाही. मी उठून पाणी प्यायलो. तिचा चष्म्याचा डबा मेजावर होता तो सरळ केला. खणातलं ते पंधरा मिनिटांवरचं पत्र काढून वाचलं.

तीन वाजता पोस्टमास्तर उतरले. "गेले का मार्क?"

"बघतोय."

"जपून. शेवटच्या दिवशी यांची यंत्रणा हमखास बंद पडते. तुमचा काय दोष त्यात? वहिनीही समजून घेतील." एवढं बोलून ते सावकाश वर गेले. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण माझ्या मनात आता एक वाक्य तयार झालं होतं. मी ते हळू आवाजात म्हणून बघितलं: 'अगं, अगदी ऐन वेळी बंद पडलं बघ.'

हे वाक्य मी ओळखत होतो. बोटाने पारडं दाबताना पकडलेला प्रत्येक दुकानदार मला हेच सांगतो, आणि याच आवाजात. साहेब, आजच बिघडलं बघा. चेहराही तसाच करतो, दुखावलेला. समोरच्या बंद टीव्हीच्या काचेत मला तो चेहरा दिसत होता. सगळ्या जगावर नजर ठेवून बसलेल्या मला हा माणूस घरातच सापडला. मला त्याची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. बायको गेली की संध्याकाळी दार उघडणारं कोणी नसणार, लेक अभ्यासाला बसणार, आणि मी एकटाच टेबलाशी बसून कोणावर संशय घेऊ, हे मला कळत नव्हतं.

चार चाळीसला मी बटण दाबलं.

पडद्यावर चक्र फिरलं, आणि मग एक चौकट उघडली. 'हे गुण या विद्यापीठाला आज ११ वाजून १० मिनिटांनी पाठवण्यात आले आहेत. पुन्हा पाठवायचे आहेत का?'

मी ते चार वेळा वाचलं. अकरा दहाला मी मेल खरी की खोटी ते बघत होतो. घरात दुसरं कोणी नव्हतं. एक झालेल्या खात्याचा पासवर्ड जगात आम्हा दोघांनाच माहीत होता. अकराला तिच्या शाळेची मधली सुट्टी होते. म्हणजे ओळीने तास वगैरे काही नव्हतं. शिक्षकांच्या खोलीतल्या संगणकावरून तिने मार्क पाठवले होते आणि मला तसंच बसवून ठेवलं होतं. माझा, माझ्याच घरात, माझ्याच बायकोला भरवसा नव्हता. मला फार राग आला. तो पूर्ण यायच्या आत तिचं बरोबर होतं हेही लक्षात आलं, आणि मग राग ठेवायला जागाच उरली नाही. मी 'हो' दाबलं. मार्क दुसऱ्यांदा गेले.

साडेपाचला ती आली. पर्स ठेवली, पाय धुतले, आणि मेजाशी येऊन पडद्यावर वाकली. तिथे दोन ओळी होत्या, एक अकरा दहाची आणि एक चार चाळीसची. ती बराच वेळ दुसरी ओळ बघत राहिली.

"मेल तर दहा पन्नासला आली होती," ती म्हणाली. "तेव्हापासून काय करत होतात?"

उत्तर देता आलं असतं. मेल बनावट वाटली होती, एकतीस पानं होती. पण मी म्हणालो, "बसलो होतो."

"मला वाटलंच होतं तुम्ही बसाल." ती माझ्या शेजारची खुर्ची ओढून टेकली. "उठाल की नाही, ते कळत नव्हतं."

"आणि उठलो नसतो तर?"

"मार्क गेलेच होते. मीही गेले असते." तिने पडद्यावरची दुसरी ओळ बोटाने दाखवली. "पण ही नसती तर कशी गेले असते, ते सांगता येत नाही."

सात आठवड्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. तिला प्रवेश मिळाला होता. ती शाळेतून यायची होती, म्हणून मी ते पत्र तीनदा वाचलं. शिक्का बघितला, सही उजेडात धरून बघितली, खालची बारीक अक्षरंही सोडली नाहीत. कुठेही खोट सापडली नाही. ती आल्यावर मी पत्र तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, "खरं आहे. मी तपासलंय." मग म्हणालो, "खोटं निघावं असं वाटत होतं."

तिने पत्र उघडलंच नाही. ते हातात तसंच धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"आता बसला माझा तुमच्यावर विश्वास," ती म्हणाली.